कुलूपकार अर्देशीर गोदरेज

आषाढाच्या शुद्ध पक्षात श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड, नातेपुते असे मुक्काम करीत माळशिरसला येते. त्या रात्री गावात पाय ठेवावयास जागा उरत नाही. देवळांची आवारे, शाळांचे वर्ग, माळवदाच्या घरांच्या ओसऱ्या, इतकेच काय पण रस्त्याकडेची मोकळी रानेदेखील वारकऱ्यांनी भरून जातात. टाळमृदंगांचा घोष हळूहळू निवतो आणि दिवसभर चालून थकलेली माणसे उशाला पडशी घेऊन निजतात. यांतील कित्येकांची घरे अनेक कोस मागे राहिलेली असतात. घरात मागे राखणीला कोणी नसते. दाराला कुलूप असते, आणि त्याची किल्ली कोणाच्या धोतराच्या कनवटीला, तर कोणाच्या पदराच्या गाठीत बांधलेली असते. एवढ्याशा किल्लीवर भिस्त ठेवून ही माणसे पंढरपूरपर्यंत निर्धास्त मनाने चालतात.

विचार केला तर ही गोष्ट नवलाचीच म्हटली पाहिजे. शेतकरी बाजारात बैल घेतो तेव्हा त्याचे दात मोजून घेतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. लुगडे घ्यावयाचे झाले तर त्याचा पोत बोटांनी पारखता येतो आणि धान्य मुठीत घेऊन दाताखाली चावून पाहता येते. कुलपाचे मात्र तसे नाही. त्याचे सारे मर्म लोखंडाच्या कवचाआड दडलेले असते. विकत घेणाऱ्याला बाहेरचा चकचकीत पत्रा तेवढा दिसतो. आतील रचना पक्की आहे की केवळ दिखाऊ आहे, हे बहुधा घरफोडी झाल्यावरच कळते, आणि तेव्हा ते कळून उपयोग नसतो. म्हणून कुलूप घेणारा मनुष्य खरे पाहता ते करणाऱ्याच्या शब्दावर विश्वास टाकीत असतो. हा विश्वास खरा ठरावा यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा एका मुंबईकर गृहस्थांचे चरित्र जाणून घेण्यासारखे आहे. त्यांचे नाव अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज.

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईत एका सुस्थितीतील पारशी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. वडील बुर्जोरजी आणि आजोबा सोराबजी हे मुंबईतील जमीनजुमल्याचा व्यवसाय करीत. थोरल्या मुलाने चांगले शिकावे, प्रतिष्ठेचा व्यवसाय पत्करावा, अशी घरच्या मंडळींची इच्छा असणे स्वाभाविक होते. अर्देशीर यांनी कायद्याचा अभ्यास केला. १८९० मध्ये त्यांचा विवाह झाला. परंतु १८९१ मध्येच त्यांच्या पत्नी बच्चूबाई यांचा अकाली आणि अतिशय दुःखद मृत्यू झाला. त्या वेळी अर्देशीर अवघे तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

कायद्याचे शिक्षण पुरे झाल्यावर १८९४ मध्ये मुंबईतील एका वकिली पेढीने त्यांना एका खटल्यासाठी पूर्व आफ्रिकेतील झांजिबार येथे पाठविले. तरुण वकिलाच्या दृष्टीने ही मोठीच संधी होती. आरंभी काम चांगले चालले. परंतु पुढे अशिलाची बाजू राखावयाची तर सत्याला मुरड घालावी लागेल, असे त्यांच्या ध्यानात आले. एवढे तेवढे चालावयाचेच, असे म्हणून दुसऱ्या एखाद्याने वेळ मारून नेली असती. अर्देशीर यांना ते जमेना. त्यांनी असत्याचा पक्ष मांडण्यास नकार दिला आणि ते मायदेशी परतले. परतल्यावर त्यांनी वकिलीला कायमचा रामराम ठोकला. ज्या विद्येसाठी इतकी वर्षे घालविली, ती अशी एकाएकी टाकून देणे सोपे नव्हते. घरच्या माणसांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता पोटापाण्यासाठी काही करणे भाग होते. अर्देशीर यांनी मुंबईतील एका औषधविक्रेत्याच्या दुकानात साहाय्यकाची नोकरी धरली. तेथे काम करताना शस्त्रवैद्यांना लागणारी हत्यारे त्यांच्या पाहण्यात आली. चाकू, चिमटे, कात्र्या असल्या साध्या वस्तूदेखील तेव्हा विलायतेहून येत. त्या आपल्याकडे का होऊ नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा हे मोठे उदार आणि पारखी गृहस्थ होते. त्यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेऊन अर्देशीर यांनी ही हत्यारे तयार करण्यास प्रारंभ केला.

माल उत्तम उतरला. तो घेणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यालाही त्यात खोट काढता आली नाही. मात्र त्याने एक अट घातली. हत्यारांवर ती हिंदुस्थानात तयार झाल्याचा शिक्का असता कामा नये, कारण देशी माल म्हटला की गिऱ्हाईक त्याला हात लावणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. अर्देशीर यांनी पुष्कळ समजावून पाहिले, पण व्यापारी बधला नाही. तेव्हा त्यांनी तो व्यवसायही बंद केला. भांडवल गेले, श्रम गेले आणि डोक्यावर कर्ज तेवढे उरले. पहिल्या खेपेस त्यांनी तोंडाने खोटे बोलण्याचे नाकारले होते, या खेपेस धातूवर खोटे कोरण्याचे नाकारले. तिशी उलटण्याच्या आतच दोन उद्योग असे हातचे गेलेला हा तरुण व्यवहाराला निरुपयोगी आहे, असे कोणी म्हटले असते तर त्याला फारसा दोष देता आला नसता.

याच सुमारास मुंबईत घरफोड्यांची वाढ झाल्याची आणि पोलीस अधिकाऱ्यांनी नागरिकांना आपली घरे व पेढ्या अधिक सुरक्षित ठेवण्याचा इशारा दिल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली. शस्त्रक्रियेच्या हत्यारांप्रमाणेच कुलपांचीही स्थिती होती. चांगली कुलपे परदेशांतून येत. आपल्या देशात अलीगढ, दिंडिगल यांसारख्या ठिकाणी कुशल कारागीर हातांनी कुलपे घडवीत; परंतु यंत्राच्या साहाय्याने, एकाच मापाने, एकाच दर्जाची कुलपे काढणे ही गोष्ट तेव्हा येथे नवीन होती. खेड्यांतून तर दाराला आतून आडवा अडणा घालावा आणि बाहेरून कडी-कोयंड्यात एखादे साधे कुलूप अडकवावे, एवढ्यावरच भागत असे. त्या कुलपाला शेजाऱ्याची किल्लीही पुष्कळदा लागे.

अर्देशीर पुन्हा मेरवानजी कामांच्या दारी गेले. पहिले कर्ज बुडीत दिसत असताना दुसरे मागावयाचे, यासाठी मोठाच धीर लागतो. आणि ते देण्यास त्याहून मोठे मन लागते. कामांनी ते दिले. मुलगा व्यापारात बुडाला खरा, पण तो कशापायी बुडाला हे त्यांनी पाहिले होते.

७ मे १८९७ रोजी मुंबईच्या लालबाग भागात, गॅस कंपनीच्या कारखान्याजवळ, एका लहानशा पडवीत अर्देशीर यांनी कुलपांचा कारखाना सुरू केला. ही जागा सुमारे २१५ चौरस फुटांची होती; म्हणजे शाळेच्या एका वर्गाच्या निम्म्याएवढी म्हटली तरी चालेल. गुजरात आणि मलबार येथून आणलेले डझनभर कारागीर हेच त्यांचे मनुष्यबळ. तो काळही कठीण होता. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेगने शिरकाव केला होता आणि भयभीत झालेले हजारो लोक घरेदारे बंद करून शहराबाहेर पडले होते. बंद दारांच्या त्या शहरात हा नवा उद्योग जन्मास आला.

कुलूप करावयास घेण्यापूर्वी ते उघडते कसे आणि फसते कसे, याचा अभ्यास अर्देशीर यांनी केला. हा विषय थोडा समजून घेतला पाहिजे. चांगल्या कुलपाच्या पोटात एकावर एक अशा धातूच्या पातळ पट्ट्या बसविलेल्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते. किल्ली फिरविली की तिचे दात या पट्ट्यांना उचलतात. सर्व पट्ट्यांच्या खाचा एका ओळीत आल्या म्हणजे कुलपाची जीभ मागे सरकते आणि कुलूप उघडते. एखादी पट्टी केसभर कमी उचलली गेली किंवा केसभर जास्त उचलली गेली, तरी जीभ जागची हलत नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन या कारागिराने १७७८ मध्ये ही युक्ती योजिली. जितक्या पट्ट्या अधिक आणि जितके काम काटेकोर, तितके कुलूप फसविणे अवघड. परंतु पट्ट्या पुष्कळ असूनही त्या ढिलेपणाने बसविलेल्या असतील, तर वाकविलेल्या तारेनेही कुलूप उघडता येते. म्हणून केवळ संख्येवर भुलून चालत नाही.

याविषयी एक प्रसिद्ध प्रसंग आहे. १८५१ मध्ये लंडन येथे एक भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले होते. तेथे आल्फ्रेड हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कुलूपकार आला. इंग्लंडातील चब या नामांकित कारखान्याचे कुलूप किल्लीवाचून उघडणे अशक्य आहे, अशी सर्वांची समजूत होती. हॉब्जने ते पंचांसमक्ष अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखविले. ब्रामा कंपनीचे कुलूप तर अनेक वर्षे दुकानाच्या खिडकीत आव्हान देत ठेवलेले होते आणि ते उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर केलेले होते. हॉब्ज त्याच्याशी सोळा दिवसांच्या अवधीत अनेक तास झुंजला आणि तेही त्याने उघडले. साऱ्या इंग्लंडात खळबळ उडाली. सामान्य मनुष्याला यातून एवढाच बोध झाला असेल की कोणतेच कुलूप भरवशाचे नाही. कुलूपकारांनी मात्र दोष कोठे आहे हे ओळखून नवी कुलपे रचिली. अर्देशीर हे या दुसऱ्या जातीचे होते. लोकांना भरवसा देण्यापूर्वी आपले कुलूप आपणच शंकेखोर नजरेने पाहावे, अशी त्यांची रीत होती.

त्यांच्या पहिल्या कुलपांना त्यांनी नांगराचे, म्हणजे जहाजाच्या नांगराचे, नाव दिले होते. प्रत्येक कुलपाबरोबर ते लेखी हमी देत. एका कुलपाची किल्ली दुसऱ्यास लागणार नाही, असे त्या हमीचे आश्वासन होते. आज ही गोष्ट साधी वाटते. पण पट्ट्यांचे माप जरासे चुकले, एक दात जरासा कमी कापला गेला, तर ही हमी खोटी ठरली असती. लालबागच्या त्या लहानशा जागेत कारागिरांच्या हातून हे माप सांभाळून घेणे हेच अर्देशीर यांचे रोजचे काम होते.

पुढे त्यांनी दोन नव्या तऱ्हेची कुलपे काढली. पहिल्याचे नाव गॉर्डियन. यास दोन वेगवेगळ्या किल्ल्या असत. दोहोंनीही कुलूप उघडे आणि लागे. परंतु त्यांपैकी एकीच्या साहाय्याने कुलपाच्या आतील रचना बदलता येई, आणि मग दुसरी किल्ली निरुपयोगी होई. किल्ली हरवली किंवा कोणी तिचा ठसा घेतल्याचा संशय आला, तर मालकाला नवे कुलूप घेण्याचे कारण नसे. दुसऱ्या कुलपाचे नाव डिटेक्टर. याचे मूळ तत्त्व जेरेमाया चब याने १८१८ मध्ये इंग्लंडात शोधून काढलेले होते. अशा कुलपात कोणी भलतीच किल्ली घालून फिरविली, तर आतील एक खिट्टी अडकून बसते. मालक आल्यावर त्याची खरी किल्लीही चटकन चालत नाही. ती विशिष्ट रीतीने फिरवावी लागते. तेवढ्यावरून आपल्या माघारी कोणीतरी कुलपाशी खटपट केली आहे, हे त्याला समजते. चोर पळून गेला तरी त्याची चाहूल कुलूप राखून ठेवते, असे म्हणावयास हरकत नाही.

कुलपातील दुबळा भाग कोणता, याचाही त्यांनी शोध घेतला. पट्ट्यांना जागेवर परत आणण्यासाठी कुलपात बारीक स्प्रिंगा बसवीत. या स्प्रिंगा वापराने शिथिल होतात, दमट हवेत गंजतात, धुळीने अडकतात आणि एखादे दिवशी मोडतात. मग किल्ली हातात असूनही मालक दाराबाहेर उभा! अर्देशीर यांनी स्प्रिंगवाचून चालणारे कुलूप तयार केले आणि १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. पावसाळी मुंबईत आणि धुळीच्या देशावर अशा कुलपाची उपयुक्तता वेगळी सांगावयास नको.

माळशिरसच्या किंवा अकलूजच्या बाजारात नव्या घरासाठी कुलूप घ्यावयास गेलेल्या मनुष्यापुढे आज नाना प्रकार मांडले जातात. कडीत अडकवावयाचे, दाराच्या लाकडात खाच पाडून बसवावयाचे, दार ओढताच आपोआप लागणारे, आणि आता तर बोटाच्या ठशाने किंवा आकडे दाबून उघडणारेदेखील. परंतु अर्देशीर यांनी जे प्रश्न स्वतःला विचारले, तेच अजूनही विचारण्याजोगे आहेत. आतील पट्ट्या किती व कशा बसविल्या आहेत? किल्ली घातल्यावर डगमगते काय? शेजारच्या कुलपाची किल्ली यास लागत नाही ना, हे दुकानातच दोनचार किल्ल्या घालून पाहण्यास काय अडचण आहे? कडी जाड व कठीण पोलादाची हवी, नाहीतर आतील सारी करामत व्यर्थ जाते, कारण चोर कुलूप उघडण्याच्या भानगडीत न पडता कडीच कापतो. कोयंड्याचे स्क्रू दार बंद असताना बाहेरून दिसत असतील, तर तो कुलपाला हातही न लावता कोयंडा उचकटून काढतो. असा दहा रुपयांचा कोयंडा लावून त्यात हजार रुपयांचे कुलूप अडकविणारे शहाणे काही थोडे नाहीत. दार पोकळ आणि चौकट कुजकी असेल, तर कोणतेही कुलूप घेतले तरी फळ सारखेच.

दुकानाची गोष्ट घराहून थोडी वेगळी आहे. दुकानाचे लोखंडी शटर खालच्या बाजूला दोन्ही टोकांना अडकविले पाहिजे. एकाच बाजूला कुलूप असले तर दुसरे टोक पहारीने उचलले जाते. दुकानाच्या किल्ल्या नोकरांच्याही हाती असतात. तेथे किल्ल्या किती आहेत आणि त्या कोणाकडे आहेत, याचा हिशेब रोजच्या विक्रीच्या हिशेबाइतकाच नीट ठेवावा लागतो. दुसऱ्याने वापरलेले घर किंवा गाळा घेतला तर पहिल्या दिवशीच कुलूप बदलावे, हे उत्तम. जुन्या किल्लीच्या किती नकला कोठे पडल्या आहेत, हे कोण सांगणार? गॉर्डियन कुलपाची कल्पना याच अडचणीवर तोड म्हणून निघालेली होती.

कुलपांवर जम बसल्यानंतर १९०२ च्या सुमारास अर्देशीर तिजोऱ्यांच्या कामाकडे वळले. कुलूप चोरापासून राखते; तिजोरीला चोर आणि आग या दोन शत्रूंशी एकाच वेळी सामना द्यावा लागतो. पत्रे जोडून केलेल्या पेटीचे सांधे हेच तिचे मर्मस्थान असते. तेथे पहार घातली की ती उकलते, आणि तेथूनच आगीची धग आत शिरते. म्हणून सांधे शक्य तितके कमी राहावेत, अशा बेताने पोलादी पत्रा वाकवून तिजोरीची घडण करण्याकडे त्यांनी लक्ष दिले.

याच काळातील एक गोष्ट त्यांच्या कारखान्याच्या नावात कायमची राहिली आहे. धंदा भरभराटीस आला तेव्हा अर्देशीर कर्ज फेडण्यासाठी मेरवानजी कामांकडे गेले. कामा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी पैसे घेण्याचे नाकारले आणि आपल्या बॉइस नावाच्या पुतण्याला धंद्यात सामावून घेण्याची इच्छा तेवढी व्यक्त केली. अर्देशीर यांनी त्याला भागीदार केले. बॉइसचे मन त्या कामात फार दिवस रमले नाही आणि तो बाहेर पडला. पण ज्या गृहस्थांनी दोनदा विश्वास टाकला, त्यांच्या स्मृतीखातर अर्देशीर यांनी ते नाव कारखान्याच्या पाटीवरून पुसले नाही. गोदरेज आणि बॉइस हे जोडनाव आजही चालू आहे.

१९०६ मध्ये धाकटे बंधू पिरोजशा या उद्योगात आले. दोघांचे स्वभाव भिन्न होते. अर्देशीर यांचे मन नव्या रचना शोधण्यात गुंतलेले, तर पिरोजशा यांना कारखाना वाढविण्याची, माणसे जोडण्याची हातोटी. त्यांच्या साहाय्यामुळे अर्देशीर यांना प्रयोगांसाठी अधिक सवड मिळू लागली.

याच सुमारास देशात स्वदेशीची चळवळ जोरात होती. १९०५ च्या वंगभंगानंतर विलायती मालावर बहिष्कार घालण्याची लाट उठली. देशी कुलपे व तिजोऱ्या करणाऱ्या कारखानदाराला ही मोठी पर्वणीच वाटावयास हवी होती. तथापि अर्देशीर यांचे मत निराळे होते. माल देशी आहे एवढ्याच कारणाने लोकांनी तो घ्यावा, मग तो हलका असला तरी चालेल, हे त्यांना मान्य नव्हते. त्याग करून वाईट वस्तू घेण्यास ग्राहकाला सांगणे हे स्वदेशीचे हितकारक रूप नाही, अशी त्यांची धारणा होती. देशी कुलूप विलायती कुलपाच्या शेजारी ठेवावे आणि ते सरस ठरावे, एवढीच त्यांची ईर्षा होती. या स्पष्टोक्तीमुळे काही मंडळी त्यांच्यावर रुष्टही झाली असतील. परंतु त्यांचे देशप्रेम शब्दांत अडकून पडलेले नव्हते. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी तीन लक्ष रुपयांची देणगी दिली. त्या काळी ही रक्कम फारच मोठी होती.

त्यांच्या कल्पकतेचा आणखी एक नमुना सांगण्यासारखा आहे. त्या वेळी बाजारातील साबणात बहुधा प्राण्यांची चरबी असे, त्यामुळे अनेक भारतीय कुटुंबांना तो वर्ज्य वाटे. अर्देशीर यांनी वनस्पतींच्या तेलापासून साबण करण्याचे प्रयोग केले आणि १९१८ च्या सुमारास असा साबण बाजारात आणला. कुलूपकाराने आपल्या साबणाला नाव काय द्यावे? त्यांनी ते चावी असे ठेविले.

१९२८ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर असताना अर्देशीर यांनी कारखान्याचा सारा कारभार पिरोजशांच्या हाती सोपविला आणि ते नाशिकला जाऊन शेती करू लागले. उभा जन्म पोलादाशी झुंजण्यात घालविल्यानंतर मातीकडे वळण्याची ही त्यांची हौस होती. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर आठ वर्षांनी, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके भरलेल्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. भोवतालच्या इमारती कोसळल्या आणि आगी कित्येक तास धुमसत राहिल्या. त्या राखेतून काढलेल्या गोदरेज तिजोऱ्यांतील कागदपत्रे शाबूत निघाली.

पिरोजशांनी १९४३ मध्ये विक्रोळी येथे विस्तीर्ण जमीन घेतली आणि तेथे नव्या कारखान्याची उभारणी सुरू झाली. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये व्हावयाची होती. तिच्यासाठी लोखंडी मतपेट्यांची मोठी मागणी या कारखान्याकडे आली. प्रत्येक पेटीला बाहेरून निराळे कुलूप लावावयाचे म्हटले तर खर्च ठरलेल्या किमतीबाहेर जात होता. तेव्हा कारखान्यातीलच एका कामगाराने पेटीच्या आत बसणारे, कमी खर्चाचे कुलूप योजिले. ते पसंत पडले, आणि लालबागच्या पडवीतून वाढलेल्या त्या कारखान्यातून लाखो मतपेट्या आगगाडीने देशाच्या निरनिराळ्या प्रांतांत रवाना झाल्या.